लबुट्टाच्या खेपा

मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावरून गेलं. सुमारे एक लाख अडतीस हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. म्यानमारच्या लष्करी राजवटीने तरीही १० मे रोजी बहुतेक देशात नव्या घटनेवरचं सार्वमत उरकून घेतलं. फ्रान्स-अमेरिकेची जहाजं मदत घेऊन समुद्रात ताटकळली. मी एका मदतसंस्थेच्या यांगूनच्या गोदामावर होतो. परदेशी माणसाला शहराबाहेर जायचा परवाना मिळत नव्हता.

त्रिभुज प्रदेशातल्या लबुट्टाकडे गेल्या त्या आमच्या कार्यालयातल्या हिशेबनीस बाई. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, कमी बोलणाऱ्या. पाण्याच्या कॅनवरचं संस्थेचं लेबल त्यांनीच आम्हाला नखांनी खरवडून काढायला लावलं. माल मठाला दान म्हणून जाणार होता. बेघर झालेली माणसं मठांतच होती, आणि भिक्खूंचं दान अडवायला नाक्यावरचा शिपाईसुद्धा कचरायचा.

परत आल्या की वहीच्या समासात बारीक बर्मी अक्षरांत गावं लिहिलेली असत. कुठे बाळंतीण आहे, कुठल्या विहिरीत खारं पाणी शिरलंय. एकदा म्हणाल्या, "तांदूळ पुरे. शिजवायला भांडं नाही कुणाकडे. पातेली द्या." यांगूनमध्ये बसून आम्हाला हे कधीच कळलं नसतं. हुकूमशाहीत मदतीचा शेवटचा टप्पा स्थानिक माणूसच जिवावर उदार होऊन पार करतो, हे मी तिथे पाहिलं.

२३ मे रोजी संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की-मून लष्करी राजवटीचे प्रमुख थान श्वे यांना भेटले आणि परदेशी मदतनिसांसाठी दार किलकिलं झालं. आडगावं तरीही दूरच राहिली. विनोदी नट जरगनार यांनी मित्रांना जमवून अशीच मदत पोचवली होती, परदेशी वार्ताहरांशी ते बोललेही होते. जूनमध्ये त्यांना अटक झाली. पुढे एकूण ५९ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ती नंतर घटली आणि २०११ मध्ये ते सुटले. अटकेची बातमी आली तेव्हा बाईंची पुढची खेप ठरलेली होती. मी म्हणालो, "थोडे दिवस थांबा."

"मग पातेली कोण नेणार?" त्यांनी विचारलं, आणि पावतीपुस्तक पिशवीत टाकलं.

माझ्या पुढच्या प्रत्येक नोकरीच्या शिफारसपत्रात लबुट्टाच्या कामाचा उल्लेख आहे. ते काम बाईंचं. त्यांचं नाव मी इथेही लिहीत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली, आणि त्या तिथेच राहतात.