गुडवुडच्या म्हाताऱ्या गाड्या

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांकडे जुनी फियाट किंवा अँबॅसेडर आहे का? दर रविवारी तिला पुसायचं, गेटपर्यंत न्यायचं आणि परत आणून कापडाखाली झाकायचं. कुणी नुसता हात लावला तरी आजोबा ओरडतात! आता अशी कल्पना करा, की साठ-सत्तर वर्षांच्या वीस-पंचवीस गाड्या एकत्र उभ्या आहेत. झेंडा हलतो आणि त्या सगळ्या एकमेकींना खेटून ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास पळत सुटतात. आजोबांना घेरी येईल की नाही?

अशी जागा खरंच आहे. तिचं नाव गुडवुड. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून दक्षिणेकडची आगगाडी पकडली, की साधारण दीड तासात चिचेस्टर हे गाव येतं. तिथल्या जुन्या चर्चचा उंच, निमुळता मनोरा मागे टाकून बाहेर पडलं, की साउथ डाउन्सच्या हिरव्या टेकड्या दिसू लागतात. त्यांच्या पायथ्याशी शर्यतीचा हा रस्ता आहे. दर सप्टेंबरात तिथे तीन दिवसांची जत्रा भरते. तिला म्हणतात ‘गुडवुड रिव्हायव्हल’.

आत शिरताच गंमत सुरू होते. पुरुषांच्या अंगावर जाड लोकरी कोट आणि डोक्यावर फेल्ट हॅट, बायकांचे ठिपक्याठिपक्यांचे झगे, हातात पांढरे मोजे. वाटतं, एखाद्या कृष्णधवल सिनेमातच शिरलो की काय! मैदानात १९६६ नंतरची गाडी दिसायची नाही.

का बरं १९६६? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात इथे विमानतळ होता. स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमानं इथून उडत. विमानांना फिरण्यासाठी मैदानाच्या कडेने गोल रस्ता केलेला होता. जमिनीचे मालक रिचमंडचे ड्यूक. तरुणपणी ते स्वतःच शर्यती गाजवलेले गृहस्थ. युद्ध संपल्यावर त्यांनी त्याच रस्त्यावर मोटारींच्या शर्यती सुरू केल्या. तारीख होती १८ सप्टेंबर १९४८. त्या दिवशी छोट्या गाड्यांच्या शर्यतीत एक पोरगा पहिला आला. आदल्याच दिवशी त्याला एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती. त्याचं नाव स्टर्लिंग मॉस. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

अठरा वर्षं शर्यती झाल्या. पण गाड्या फार वेगवान होऊ लागल्या. एक फेरी जवळजवळ ३.८ किलोमीटरची. १९६५ मध्ये जिम क्लार्क आणि जॅकी स्टुअर्ट या दोघांनी ती १ मिनिट २०.४ सेकंदांत मारली. हिशोब करून बघा: सेकंदाला ४७ मीटर! क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या संपून वर थोडं उरतंच. ड्यूकना वाटलं, आता हे जीवावर बेतेल. त्यांनी १९६६ मध्ये शर्यती बंद केल्या. पुढे १९९८ मध्ये, पहिल्या शर्यतीला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, त्यांच्या नातवाने रस्ता पुन्हा उघडला. अट एकच, सगळं जुन्यासारखंच हवं.

पण मुलांनो, सगळं जुनं ठेवलं की जुनी भीतीही परत येते. ती कशी, ते आता बघू.

आधी ब्रेक. आज बऱ्याच मोटारींना डिस्क ब्रेक असतात. पन्नास सालच्या बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे बंद डब्याच्या आत घासणारे. बाबांच्या जुन्या स्कूटरला असायचे तसे. सारखे दाबले की डबा तापतो, उष्णता आतच कोंडते आणि पायाखाली ब्रेक असूनही गाडी थांबेनाशी होते. म्हणून तर खंबाटकी घाट उतरताना शहाणा ट्रकवाला खालचा गियर टाकतो. गुडवुडला घाट नाही, पण फेरीमागून फेरी तेच ब्रेक तापतात.

मग टायर. ते अरुंद असतात, त्यामुळे वळणावर गाडी सरळ जात नाही, तिरकी घसरत जाते. कसलेला चालक तिला मुद्दाम तशी घसरवतो आणि स्टिअरिंग उलट फिरवून सावरतो. बघायला नाचच वाटतो! पण तिरक्या गाडीला जागा जास्त लागते. शेजारीही तशीच एक तिरकी गाडी असली तर दोघींच्या मध्ये वीतभर अंतर राहतं.

आणि आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. जुन्या ग्रां प्री गाड्यांची चाकं अंगाबाहेर असतात, वर पत्रा नाही की काही नाही. अशी दोन चाकं एकमेकांना लागली तर काय होतं? तुमची सायकल स्टँडवर लावा आणि पेडल मारून मागचं चाक फिरवा. (बोटं लांब ठेवा हं!) नीट बघा. चाकाची पुढची कड वरून खाली जाते आणि मागची कड खालून वर येते. आता समजा, पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला तुमच्या गाडीचं पुढचं चाक टेकलं. पुढच्या चाकाची वर येणारी कड तुमच्या चाकाला उचलते. तुमच्या चाकाची खाली जाणारी कड त्याला दाबून वर चढू पाहते. दोघांचं काम एकच, तुमची गाडी हवेत! कसबी चालकसुद्धा तिथे काही करू शकत नाही, कारण चाकं जमिनीवरच नसतात.

तुम्ही म्हणाल, सीटचा पट्टा असेल की! गंमत म्हणजे, अगदी जुन्या उघड्या गाड्यांत तो बऱ्याचदा नसतो. डोक्यावर लोखंडी कमान नसलेली गाडी उलटली, तर बांधलेला माणूस तिच्याखाली दबेल. म्हणून त्या काळचे चालक म्हणत, बाहेर फेकलं गेलेलं बरं. दोन वाईटांतलं कमी वाईट निवडायचं, इतकंच.

शेजारी कुणी नसतानाही घात होतो. २ जून १९७० रोजी ब्रूस मॅक्लारेन आपली नवी गाडी तपासायला याच रस्त्यावर आला होता. रस्ता मोकळा होता. लॅव्हंट नावाच्या सरळ पट्ट्यावर गाडीच्या मागच्या अंगाचं आवरण उडालं, तोल गेला आणि अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. ती गाडी तर कोरी होती. म्हाताऱ्या गाडीच्या लोखंडाची गोष्ट आणखी निराळी. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवलीत, की ती कडकन तुटते ना? तसंच साठ वर्षं हिसके खाल्लेल्या दांड्याला बारीक चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून स्टिअरिंगचे आणि चाकांचे भाग काढून अशा चिरा खास उपकरणांनी शोधतात.

आता स्टर्लिंग मॉसकडे येऊ. या रस्त्यावर बहुतेक वळणं उजवीकडे आहेत. पण मध्येच सेंट मेरीज हे वळण डावीकडे जातं. २३ एप्रिल १९६२ रोजी मॉस तिथे ग्रॅहम हिलच्या गाडीला मागे टाकायच्या प्रयत्नात होता. त्याची गाडी गवतावर गेली आणि मातीच्या बांधावर आदळली. वाकलेल्या सांगाड्यातून त्याला सोडवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. तो महिनाभर बेशुद्ध होता. शरीराची डावी बाजू सहा महिने नीट चालत नव्हती. नेमकं काय चुकलं हे कधीच कळलं नाही, कारण त्याला स्वतःला काहीच आठवत नव्हतं.

वर्षभराने, मे १९६३ मध्ये, तो पुन्हा गुडवुडला आला. गाडी नीट चालवली. पण पूर्वी जे हात आपोआप करत होते, ते आता विचार करून करावं लागतंय हे त्याला जाणवलं. चाकाला चाक लावून पळताना विचार करायला वेळ कुठला? त्याच दिवशी तेहेतीस वर्षांच्या मॉसने ठरवलं, पुरे.

पुढे तो हौसेने जुन्या गाड्या पळवू लागला. जून २०११ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सला सराव करताना, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्याला स्वतःच्याच चालवण्याची भीती वाटली. आपण इतरांच्या वाटेत येऊ नये म्हणून त्याने तिथल्या तिथे निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. २०२० मध्ये, नव्वद वर्षांचा होऊन गेला.

मग या गाड्या संग्रहालयात का ठेवत नाहीत? तसं म्हणणारेही आहेत. इथे धावलेल्या गाड्यांमध्ये फेरारी २५० जीटीओ असते. त्या जातीची एक गाडी २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली, म्हणजे तीनशे कोटी रुपयांहून जास्त! पण मालक म्हणतात, ही पळण्यासाठी जन्मली, काचेमागे ठेवली तर ती मुकी होईल. शिवाय चेपलेला पत्रा ठोकून पुन्हा सरळ करता येतो. माणसाचं तसं नसतं, हे तेही जाणतात. म्हणून डोक्यावर आजचं हेल्मेट, अंगात आग न लागणारे कपडे, वळणावळणावर मार्शल आणि जवळच डॉक्टर. पिवळा झेंडा दिसला की पुढच्याला मागे टाकायचं नाही. लाल दिसला की शर्यत थांबलीच. आणि धसमुसळेपणा करणाऱ्याला काळा झेंडा, मुकाट्याने बाहेर!

आता एक तुमच्या-माझ्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर तुम्हीही मित्राच्या सायकलला चाक भिडवून शर्यत लावता की नाही? खरं सांगा! आपल्या रस्त्यावर पिवळा झेंडा कुणी दाखवत नाही. समोरून एसटी येते आणि तिला शर्यत चालू असल्याचं ठाऊक नसतं. शर्यत हवीच असेल तर मैदानावर लावा, हेल्मेट घाला, मध्ये हातभर जागा सोडा. आणि कधी पोटात गोळा आला, तर ब्रेक दाबायला लाजू नका. मॉसही लाजला नव्हता.