झेंडूच्या पाकळ्यांचा पूल

मुलांनो, मेलेल्या माणसांचा सिनेमा म्हटलं की तुम्ही आधी पांघरूण डोक्यावर ओढाल. ‘कोको’ बघताना पांघरूण नको, रुमाल मात्र जवळ ठेवा. आईबाबांसाठीही एक!

२०१७ सालचा हा कार्टूनपट मेक्सिकोत घडतो. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांचा सण असतो. घरोघरी त्यांचे फोटो मांडतात, आवडीचं खाणं ठेवतात, झेंडूच्या पाकळ्या पसरतात. (आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिकडचाच बरं का!)

सिनेमातल्या १२ वर्षांच्या मिगेलच्या घरी सगळे जोडे शिवतात, पण गाण्याला सक्त बंदी. का? तर खापरपणजोबा गाण्यापायी घर सोडून गेले, ते परतलेच नाहीत. हा पठ्ठ्या एका उचापतीमुळे थेट मृतांच्या दुनियेत पोचतो. तिथे त्याला भेटतो हेक्टर. त्याचा फोटो कुणीच मांडलेला नाही, म्हणून पाकळ्यांचा पूल ओलांडून त्याला घरी येता येत नाही. आणि जिवंतपणी त्याला ओळखणारं शेवटचं माणूस त्याला विसरलं, की तो तिथूनही नाहीसा होणार! ते शेवटचं माणूस म्हणजे त्याची मुलगी कोको, मिगेलची पणजी. चाकांच्या खुर्चीत बसलेली, सगळं विसरत चाललेली.

मला विचाराल तर सांगाड्यांचा झगमगाट जरा जास्तच झालाय. खरा सिनेमा त्या सुरकुतलेल्या पणजीच्या चेहऱ्यावर आहे. शेवट सांगत नाही, बघाच.

२०१९ च्या पुरानंतर, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, मी चौथीच्या वर्गाला तो दाखवला. मधे मधे थांबवून मराठीत सांगत होते. वर्गातल्या एका मुलीची आई ती पहिलीत असतानाच गेलेली. पोर रडेल म्हणून घरात कुणी आईचं नावच काढत नसे. (पालकहो, आपण असंच करतो ना?) तिनं हळूच विचारलं, “बाई, फोटो पुरात गेला असेल तर?”

वर्ग चिडीचूप. मी म्हटलं, “तुला आईचं काय आठवतं, ते सांग.”

“भाकरी थापताना माझ्यासाठी एवढुशी चानकी करायची. आधी माझी भाजायची.” तिनं तळहातावर बोटानं गोल काढून दाखवला. मग म्हणाली, “पण तिला काय आवडायचं, ते मला माहीतच नाही.”

“बाबांना विचार,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच ती धावत आली. “बाई, आईला चिंचा आवडायच्या! आणि बाबा रात्री कितीतरी वेळ सांगतच होते!”