दिल्लीतले द्वीपांतर

नागपूरच्या आमच्या जुन्या घरात, वडिलांच्या संस्कृत पोथ्यांच्या शेजारी, ‘वृहस्पति-तत्त्व’ नावाचे एक पुस्तक असे. प्राचीन जावानी भाषेतला हा शैव ग्रंथ सुदर्शनादेवी यांनी संपादिला होता आणि डॉ. रघुवीर यांच्या ‘सरस्वती विहार’ या संस्थेने तो १९५७ साली आमच्याच नागपुरातून प्रसिद्ध केला होता. वरचा संस्कृत श्लोक ओळखीचा वाटावा आणि खालच्या जावानी विवरणातले शब्द मात्र ओळखीचे भासून लगेच अनोळखी व्हावेत, या विलक्षण अनुभवात बालपणीच्या कित्येक दुपारी गेल्या. आणि त्या द्वीपसमूहाची भाषा एकदा आपल्या तोंडाने बोलून पाहावी, ही इच्छा तेव्हापासून मनाच्या तळाशी राहून गेली. गेल्या पौषात दिल्लीहून भाचीचा दूरध्वनी आला. बोलता बोलता तिने सांगितले की, योग्याकार्ताच्या एक बाई दक्षिण दिल्लीत आपल्या राहत्या घरी पंधरा दिवसांचा वर्ग घेणार आहेत, आणि सकाळी नवापासून दिवेलागणीपर्यंत तेथे इंडोनेशियनखेरीज दुसरी भाषा उच्चारावयाची नाही, असा त्यांचा दंडक आहे. मी त्याच आठवड्याचे तिकीट काढले.

मुक्कामाची जागा मात्र अगदी गैरसोयीची मिळाली. खिडकीचे तावदान चौकटीत नीट बसत नसल्यामुळे रात्रभर धुके खोलीत येई, गरम पाण्याचा वायदा रोज सकाळी मोडे, आणि विमानतळ जवळ असल्यामुळे झोप लागता लागता छप्पर हादरे. इतके भाडे घेऊन पाहुण्याला थंडीत कुडकुडत ठेवणे मला आजही अन्यायाचे वाटते. कुतुबमिनार येता-जाता रिक्षातून दिसे, तेवढेच. उतरावेसे एकदाही वाटले नाही, कारण मन बाईंच्या स्वयंपाकघराकडे लागलेले असे.

त्यांना आम्ही ‘इबू’ म्हणत असू. इबू म्हणजे आई, आणि वडीलधाऱ्या कोणत्याही स्त्रीस हेच संबोधन. आम्ही चौघे विद्यार्थी. त्यांपैकी दोघे इंडोनेशिया सरकारच्या ‘दर्मासिस्वा’ शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणारे होते. परदेशी तरुणांनी देशात येऊन राहावे, भाषा आणि कला शिकावी, म्हणून ही योजना १९७४ मध्ये सुरू झाली. तिच्या नावातला ‘सिस्वा’ म्हणजे आपला शिष्यच. इबूंचा पहिला धडा दगडी खलापाशी झाला. मिरची वाटताना ‘चाबाई’, कांदा चिरताना ‘बावांग’, आणि साखर मागितली की ‘गुला’, जो उघडच आपला गूळ आहे. मीठ म्हणजे ‘गाराम’, हे मात्र हिंदीभाषक सहाध्यायांच्या हातांना दोन दिवस उमगेना. हाताने केलेल्या कामाचा शब्द विसरत नाही, हे मी तेथे अनुभवले. मुख्य प्रश्न येई तो जेवणानंतर: झाले का? त्यास ‘नाही’ असे उत्तर दिलेले इबूंना खपत नसे; ‘बेलुम’, म्हणजे ‘अजून नाही’, असेच म्हणावे लागे. लग्न, नोकरी, इंडोनेशियाचा प्रवास, जे घडलेले नाही पण घडू शकते, त्या साऱ्याला बेलुम.

तिसऱ्या दिवशी ‘कामी’ आणि ‘किता’ ही दोन सर्वनामे आली. दोहोंचा अर्थ हिंदीत ‘हम’. म्हणून माझे सहाध्यायी गोंधळले. मला मात्र क्षणार्धात उलगडा झाला, कारण कामी म्हणजे आम्ही आणि किता म्हणजे आपण. ऐकणाऱ्याला वगळणारा एक शब्द आणि त्याला कवेत घेणारा दुसरा. हा भेद मराठीने द्राविड भाषांच्या शेजाराने आत्मसात केला असे भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. तो कसाही आलेला असो, समुद्रापलीकडच्या, सर्वस्वी भिन्न कुळातल्या भाषेत तोच आढळावा, याचा मला जो आनंद झाला, तो त्या वर्गातल्या इतर कोणाला सांगून कळला नसता.

दुसरा धक्का वर्तमानपत्राने दिला. इबूंनी त्यांच्या लोकसभेचे नाव वाचावयास दिले: ‘देवान पेरवाकीलान राक्यात’. यात दिवाण आहे, वकील आहे आणि रयत आहे! पेशवे दफ्तराच्या रुमालांतून उचलावेत असे तीन शब्द जाकार्ताच्या संसदेवर विराजमान होते. सरकारी अभियोक्ता ‘जाक्सा’, म्हणजे अध्यक्ष. जिल्ह्याचा प्रमुख ‘बुपाती’, म्हणजे भूपती. बाजार ‘पासार’, खबर ‘काबार’. एकीकडून संस्कृत आणि दुसरीकडून अरबी-फारसी, असे दोन प्रवाह जसे आमच्या कारभारात मिसळले, तसेच तिकडेही मिसळले.

एका दुपारी सुटी काढून मी हौज खास एन्क्लेव्हला गेलो, कारण नागपूरचा सरस्वती विहार पुढे दिल्लीस येऊन येथेच स्थिरावला. दारासमोरच्या फुटपाथवर उभा असताना इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांशी माझे जुने भांडण पुन्हा सुरू झाले. १९३७ च्या ‘सुवर्णद्वीप’ या ग्रंथात त्यांनी या बेटांना प्राचीन भारतीय वसाहतींत गणले. कालिमंतानातल्या कुताईचे, मूलवर्मा राजाचे संस्कृत शिलास्तंभ पाहता त्यांचा मोह समजण्यासारखा आहे. तरी तो ऐतिहासिक सत्याच्या आड येतो, असे मला ठामपणे वाटते. त्याआधीच, १९३४ मध्ये, फान लर या डच अभ्यासकाने प्रतिपादिले होते की तिथल्या राजांनीच ब्राह्मणांना बोलावून घेतले. मी तर शब्दांचाच पुरावा देईन. विचार इंडोनेशियनांकडे गेला आणि ‘बिचारा’ म्हणजे बोलणे झाला. संसार गेला आणि ‘सेंगसारा’ म्हणजे दुःख झाला. महर्द्धिक, म्हणजे महासमृद्धिमान, हा शब्द ‘मेर्देका’ होऊन स्वतंत्र या अर्थी रुजला आणि १९४५ साली त्यांच्या क्रांतीची आरोळी बनला. ज्यांच्यावर भाषा लादली जाते ते शब्दाला असे नवे घर बांधून देत नाहीत.

त्यांच्या स्वतंत्र बुद्धीचा याहून मोठा दाखला म्हणजे १९२८. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, जमलेल्या तरुणांनी एका देशाची, एका राष्ट्राची आणि एका भाषेची शपथ घेतली. संख्येने जावानी भाषक सर्वांत अधिक. पण त्यांची भाषा, जिच्यात समोरच्याच्या प्रतिष्ठेनुसार शब्दच बदलतात, बाजूला ठेवून बंदरांवरची, सौदागरांची मलय भाषा ‘इंडोनेशियन’ म्हणून स्वीकारली गेली. सर्वांत मोठ्या समूहाच्या भाषेने मागे सरावे, ही घटना दिल्लीत बसून आठवताना माणूस गप्प होतो.

शेवटच्या दिवशी वर्ग बाजूला ठेवून इबू म्हणाल्या, चला, मला पुराना किल्ला दाखवा. मार्च-एप्रिल १९४७ मध्ये आशियाई संबंध परिषद तेथे भरली होती आणि तिच्या अखेरीस इंडोनेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान सुतान शाहरिर बोलले होते. जुलैत डचांनी हल्ला चढवल्यावर बिजू पटनाईक यांनी विमान नेऊन त्यांना पुन्हा बाहेर आणले. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी इबूंचे योग्याकार्ता, म्हणजे प्रजासत्ताकाची तत्कालीन राजधानी, घेऊन राष्ट्रपती सुकार्नो आणि उपराष्ट्रपती हट्टा यांना कैद केले. तेव्हा नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत इंडोनेशियाविषयी परिषद बोलावली. इबूंच्या आजोबांनी ती बातमी लपवून ठेवलेल्या रेडिओवर ऐकली होती, असे त्या तटाशी उभ्या राहून सांगत होत्या. तलावावर धुके होते, आणि मला बोलता येणारी त्यांची भाषा एवढ्यासाठी पुरेशी नव्हती.

तेथून आम्ही राष्ट्रीय क्रीडागाराच्या बंद फाटकापर्यंत चालत गेलो. १९५० मध्ये हे आयर्विन अँफिथिएटर होते आणि भारताच्या पहिल्या प्रजासत्ताकदिनी सुकार्नो येथे प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते. पहारेकऱ्याने विचारले, “क्या देख रहे हैं आप लोग?” इबू हिंदीत म्हणाल्या, “यहाँ हमारे राष्ट्रपति आए थे।” पहारेकरी आदराने मान हलवून परत गेला. ते ‘हमारे’ माझ्या मनात अडकून राहिले. मी हळूच विचारले, “कामी की किता?”

त्या बराच वेळ फाटकाकडे पाहत राहिल्या. “प्रेसिडेन कामी,” त्या म्हणाल्या, मग पहारेकऱ्याकडे आणि माझ्याकडे वळून, “तापी हारी इतु, हारी किता.” राष्ट्रपती आमचे, पण तो दिवस आपला.

मथुरा रस्त्यावर आमची बस आली तेव्हा दिवे लागले होते, आणि दंडकाची वेळ संपली असूनही आम्ही दोघांनी भाषा बदलली नाही.