मान धरणं

बाळाला पाहायला येणारी प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारायची, "मान धरली का गं?" आई म्हणायची, "एवढ्यात कुठली?" मग ती बाई तळवा अलगद त्याच्या मानेखाली सरकवून त्याला उचलायची. साताऱ्यातल्या माझ्या माहेरी त्या सव्वा महिन्यात सगळ्यांच्याच हातांना ती सवय लागली होती.

माझी मान तिसऱ्या आठवड्यात अडकली. पाळण्याकडे पाहायचं तर अख्खं धड वळवावं लागे. उजव्या कानामागून निघालेली कळ खांद्यावर उतरायची आणि तिथेच गाठ मारून बसायची. आजीचं निदान पक्कं होतं, "वारा लागला. कान बांध." कान बांधले. मालिशवाल्या मावशींनी तिळाच्या तेलाने मान चोळली, ओव्याची पुरचुंडी शेगडीवर धरून शेकली. त्या शेकाने मिटल्या डोळ्यांत पाणी यायचं, इतकं बरं वाटायचं. पण बाळ रडलं की मी वाकायची आणि गाठ पुन्हा आपल्या जागी हजर.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्याहून लहानच होती ती. हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, ताप किंवा जोराची डोकेदुखी आहे का, हे तिने आधी विचारून घेतलं. तसं काही असतं तर तिने मला तिथूनच डॉक्टरांकडे पाठवलं असतं. आता मान दाबून बघेल म्हणून मी पदर सावरला, तर म्हणाली, "ताई, बाळाला पाजा बघू. घरी पाजता तसंच."

मी पाजायला घेतलं आणि ती नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यामुळे माझं मलाच दिसू लागलं. खुर्चीच्या कडेला टेकलेले, टाचा अधांतरी, खांदे कानांना भिडलेले, पाठीची कमान झालेली. आणि नजर त्याच्या ओठांवर खिळलेली, तोंड सुटेल की काय या धास्तीने श्वाससुद्धा अर्धाच.

"दिवसातून किती वेळा?"

"दहा वेळा तरी. अर्धा अर्धा तास."

"म्हणजे पाच तास." मग तिने हिशेब सांगितला. डोकं साडेचार-पाच किलोचं. ते साठ अंशांत झुकलं की मानेवर सुमारे 27 किलोचा भार येतो, असा 2014 मधला एक गणिती अंदाज आहे. म्हणजे धान्याचं अर्ध्याहून जास्त पोतं! घरचे म्हणत होते, बाळ अंगाने भरलंय, म्हणून मान दुखते. बाळ जेमतेम साडेतीन किलोचं. वजन त्याचं नव्हतंच, माझ्या बघण्याचं होतं.

"बाळाला छातीशी आणायचं ताई, छाती बाळाकडे न्यायची नाही," ती म्हणाली. पाठीला लोड, मांडीवर उशी, पायाखाली पाट. घरी मी जेवणाचा जुना पाट काढला तेव्हा आजी हसली, "अगं, आम्ही भिंतीला टेकून, मांडीखाली उशी घेऊनच बसायचो की!" खरंच बसायची ती तशी. मऊ गादीच्या काठावर बसण्याची हौस माझी.

व्यायाम अगदीच किरकोळ वाटले. हनुवटी सरळ मागे ओढायची, पाच आकडे मोजायचे, असं दहा वेळा. खांद्यामागची पाती एकमेकांजवळ आणायची. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती उघडायची. त्यावर आजीची हरकत आलीच, "दिवेलागणीला उंबऱ्यात उभी राहू नकोस." मग वेळ बदलली, चौकट तीच ठेवली.

सगळ्यात अवघड निघाली शेवटची सूचना. "त्याने नीट तोंड धरलं की तुम्ही मान वर करा." पहिल्या दिवशी मान वर केली आणि चोरी केल्यासारखं वाटलं. त्याच्यावरून नजर काढायची म्हणजे माया पातळ करायची, असं कुणी शिकवलं नव्हतं, तरी माझ्या अंगात मुरलं होतं. तो मात्र चुटूचुटू पीत राहिला. खिडकीबाहेर शेवगा फुलला होता. त्यापलीकडे अजिंक्यतारा किल्ला उन्हात उभा होता. महिनाभर त्याच खिडकीशी बसून मी तो पाहिलाच नव्हता.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. रात्रीच्या जागरणानंतर गाठ अजूनही कधीमधी हजेरी लावते. पण आता धड न वळवता पाळण्याकडे बघता येतं.

तिसरा महिना लागला आहे. सकाळी गोधडीवर त्याला पालथं घालते आणि समोर भिंतीला टेकून माझी हनुवटी मागे ओढते. तो डोकं उचलतो, लाल होतो, डुगडुगतो, माझ्याकडे बघतो आणि नाक गोधडीत घालतो. जरा दम खाऊन पुन्हा उचलतो.

माझे दहा अजून पुरे व्हायचे असतात.