मागल्या जन्माला दोष कशाला?

आपल्या वस्तीत लग्नाचा विषय निघाला की सगळे हौसेने बोलतात. पण घरातल्या अपंग मुलामुलीच्या लग्नाचे नाव काढा, लगेच शांतता पसरते.

वधू-वर मेळाव्याचे फॉर्म वाटताना मी एका घरी गेलो. मुलगी पोलिओने पायाने अधू, बी. ए. झालेली, एका पतपेढीत हिशेब लिहिते. तिची आई म्हणाली, "भाऊ, तिला कशाला ते? मागल्या जन्माचं भोग हायत, भोगू द्या." वर भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि खाली मागला जन्म! मुलगी दारातच उभी होती. मी म्हणालो, "वहिनी, तिला विचारलंत का?" उत्तर आले नाही. मुलीने मात्र माझ्या हातातला फॉर्म घेतला.

पूर्वकर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. गोरगरिबांच्या दुःखाची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकावी, एवढाच त्याचा उपयोग, असे त्यांचे म्हणणे. देव सोडले, पण ही समजूत उंबऱ्याच्या आत राहिली. अपंग मुलगी असेल तर 'भोळं लेकरू, तिला काय कळतंय', मुलगा असेल तर 'त्याला आवरा'. इच्छा आहे हे मान्यच नाही, आणि मान्य झाली तर ते पाप!

तिसरे शील कामवासनेतील दुराचार टाळायला सांगते. ब्रह्मचर्य भिक्खूंसाठी आहे, संसारी उपासकासाठी नाही. अपंग म्हणून कुणाला परस्पर भिक्खू करून टाकण्याचा अधिकार आईबापालाही नाही.

न बोलण्याची किंमत जबर असते. 1994 साली शिरूरच्या संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण! स्त्री संघटनांनी आवाज उठवला. आता 2016 च्या कायद्याने अपंग व्यक्तीच्या मोकळ्या संमतीशिवाय तिला वंध्य करणारा उपचार करता येत नाही, आणि संततिनियमनाची माहिती मिळणे हा तिचा हक्क आहे. हे किती घरांत ठाऊक आहे?

आणि लाज कसली? 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते.

येत्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर एखाद्या रविवारी विहारात डॉक्टरबाईंना बोलवावे, असे मी महिला मंडळाला सुचवले आहे. पायरीजवळ लाकडी उतार लागेल. सुताराशी बोललो आहे. वर्गणी निघाली की काम सुरू.