पायलीत किती किलो?

घटक नियोजनानं सध्या माझी झोप उडवली आहे, आणि ती निव्वळ आनंदानं! डी.एड.ला पाठ टाचणं ढिगानं काढली होती. पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, हर्बार्टची पंचपदी, सगळं तोंडपाठ. पण टाचण म्हणजे एका तासाचा विचार. अख्खा घटक एकदम समोर पसरायचा आणि तोही शेवटाकडून, हे कळलं आणि मी उठूनच बसले.

ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ च्या ‘अंडरस्टँडिंग बाय डिझाइन’मध्ये हाच क्रम मांडला. घटक संपल्यावर मुलाला काय जमायला हवं, ते आधी ठरवा. ते जमलं हे कशावरून ओळखाल, ते मग. शिकवायचं कसं, हे सगळ्यात शेवटी! म्हणजे अध्ययन निष्पत्ती वहीत नुसती उतरवायची नाही, तिथूनच निघायचं. घटक चाचणीचे प्रश्न शिकवण्याआधीच लिहायचे!

मी घेतलं वस्तुमान आणि धारकता. मंगळवेढ्यात याचं साहित्य शोधावं लागतच नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली मालदांडी ज्वारी घरोघरी पोत्यांत आहे, आणि आज्जीच्या तोंडी अजून शेर, अधोली, पायली. शेवट ठरवला तो असा: ‘पायलीत किती किलो?’ असं विचारलं की मुलानं उलट विचारावं, ‘कशाची पायली?’ बस्स! एवढं मुलाच्या तोंडून यायला हवं, माझ्या नव्हे.

आणि तास आपोआप जागेवर बसत गेले. कोष्टकं मागे गेली. पुढे आलं शेराचं एक माप, त्यात एकदा ज्वारी, एकदा कोंडा, दोन्ही वेळा काठाशी सपाट. अंदाज आधी सांगायचा, तराजू नंतर. ‘दोन्ही शेरच की, सारखंच भरणार!’ म्हणणारा कोंड्याचं पारडं वर जाताना बघतच राहिला. एरवी गप्प असणारी एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग पोहे घेतले तर?’ असा प्रश्न येणार म्हणून टाचणात मी जागा कोरी सोडली होती! दुसऱ्या दिवशी डब्यातून पोहे, शेंगदाणे, हरभरे हजर.

मूल्यमापनाला मात्र दामाजीपंतच हवेत. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी बहामनी सत्तेची कोठारं उपाशी लोकांना खुली केली, ही गोष्ट इथल्या पोरांना पाठ आहे. मी एवढंच दिलं: कोठारात शंभर पायली ज्वारी, पायलीचे चार शेर, घराला रोज दोन शेर. वीस घरांना किती दिवस पुरेल? दहा दिवस, उत्तर पटकन आलं. पण एक गट अडून बसला. ‘सगळ्या घरांत माणसं सारखी कुठं असतात, बाई? आमच्यात नऊ आहेत.’

नव्यानं रुजू झालेल्या शिक्षणसेवकांनो, एक घटक तरी असा शेवटाकडून मांडून बघाच. माणशी वाटा हा माझा पुढचा घटक, आणि त्याचा पहिला प्रश्न त्या गटाचाच आहे.