दिवस मावळायच्या आत



सूर्यास्ताआधी जेवणं हा आपला नियम. लहान मुलांसाठी तो किती सोयीचा आहे, ते मात्र आपण बोलत नाही. डिसेंबरात लातूरला सहाच्या आत दिवस मावळतो, म्हणून सव्वापाचला सगळ्यांची ताटं एकदमच मांडावी लागतात. लेकराला वेगळं बसवून मोबाईल दाखवत भरवायला सवडच नसते.

नांदेडची नात अडीच वर्षांची. तिकडे दोडका पाहिला की तोंड फिरवते. इथे आजोबांनी वाढून घेतला की तिलाही हवा. ते ताट धुऊन पाणी पितात, तर ही आपली वाटी धुऊन पिते. शिकवलं कुणीच नाही. शिवाय दुकानाच्या गप्पांतून ‘उधारी’ हा शब्द उचललाय!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितली. तो तास भरवण्यातच जातो.

अडचण पुरुषांची. ऐन गिऱ्हाइकीत दुकान सोडवत नाही. मी बी.कॉम. आहे, गल्ल्याचं गणित मलाही कळतं. आमच्याकडे बापलेक पाळीपाळीने घरी येतात, दुसऱ्याचा डबा दुकानात जातो. जावईबापूंनाही हेच सुचवलंय. ते नुसते हसतात.